जड हात

आमचं शिवणकामाचं दुकान. कापड बेतायला सासरे आणि शिवायला आम्ही दोघी जावा. थोरली मी, पण रेशमी कापड आलं की ते धाकटीच्या मशीनवर. "मोठीचा हात जड आहे," सासरे गिऱ्हाइकांदेखत सांगायचे. वर मला, "हलक्या हातानं घे गं!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. प्रथमोपचार शिकायलाही त्यांनी तिलाच पाठवलं. घरी येऊन ती छाती कशी दाबायची ते लोडावर करून दाखवत होती, तेव्हा मी मुद्दाम पाठ करून बसले.

एका दुपारी सासरे कापड कापता कापता कोसळले. त्यांच्या हाताजवळची कात्री दूर सरकवून धाकटी गुडघ्यांवर बसली. खांदे थोपटत ओरडली, "बाबा, ऐकू येतंय का?" उत्तर नाही. "ताई, अँब्युलन्सला फोन लावा. स्पीकरवर ठेवा."

काय तो तोरा! खरंच सांगते, त्या वेळीही मला हेच सुचलं. फोन मात्र लावला.

त्यांची हनुवटी वर उचलून ती छातीकडे बघत राहिली. घशातून एक घरघर आली, मग काहीच नाही.

"श्वास चालू आहे की!" मी म्हणाले.

"हा श्वास नव्हे, ताई." छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून ती भराभर दाबू लागली. पण ती आधीच काडी पैलवान. जरा वेळानं तिची कोपरं वाकायला लागली. "या ताई, आता तुम्ही."

मी बसले आणि दाबलं, ते रेशमावर इस्त्री फिरवावी तसं. इतक्या वर्षांची बोलणी हातात मुरलेली.

"बाबांचं ऐकू नका आज! जड हात लावा, जड!"

लावला. आत काहीतरी कडकन वाजलं. मी दचकले.

"थांबू नका!" ती ओरडली. अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही आलटून पालटून दाबत राहिलो.

दवाखान्यात सासरे बोलायला लागले, ते बरगडीची तक्रार घेऊनच. "कुणी मोडली?"

आता सगळं श्रेय धाकटी लाटणार, मी मनाशी म्हटलं.

"ताईंनी," ती म्हणाली. "माझ्याच्यानं तेवढं दाबलंच जात नव्हतं."

सासऱ्यांनी माझा हात धरला. "वाटलंच. जड हात." आणि तो सोडलाच नाही.

मला रडू फुटलं. तेवढ्यात धाकटीनं त्यांची उशी अलगद सारखी केली, ते तिच्याकडे बघून हसले, आणि मेलं माझ्या पोटात पुन्हा दुखलंच.