माझ्या भिंतीतलं पाणी

मी एक जुनी इंजिनशेड आहे, मित्रांनो. म्हणजे, अजून तरी आहे. वेल्समधल्या एका खाणीशेजारी, दोन फूट रुंदीच्या चिमुकल्या रेल्वेच्या टोकाला मी उभी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गवंड्यांनी माझे दगड चुन्यात बसवले. तुमच्या आजोबांच्या पाट्या ज्या दगडाच्या असायच्या, त्याच दगडाचं माझं छप्पर. छोटी छोटी इंजिनं माझ्या पोटात निजायची आणि ड्रायव्हर माझ्या भिंतीला पाठ टेकून डबा खायचे.

मग खाण बंद पडली आणि मला कुत्रं विचारेना. दर हिवाळ्यात थोडा चुना झडायचा. पण त्या चुन्यातूनच माझ्या अंगातलं पाणी बाहेर पडायचं, म्हणून दगड शाबूत होते. हे कुणाला सांगणार? भिंतींना कान असतात म्हणतात, तोंड कुठे असतं!

पुढे हौशी मंडळींनी रेल्वे पुन्हा सुरू केली. त्यांत गिरीश होता. आठवडाभर ब्रिस्टलच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर आणि शनिवारी इथे, हातात थापी घेऊन. फार जीव त्याचा माझ्यावर. माझा झडलेला चुना बघून त्याला वाईट वाटलं. त्याने तो खरवडून काढला आणि सगळ्या फटींत कडक सिमेंट भरलं. लोकांनी त्याची पाठ थोपटली. मला मात्र पहिल्याच पावसात गुदमरायला झालं. पाणी छपराकडून आत यायचं आणि आतच राहायचं.

२००९चा डिसेंबर उजाडला. कडाक्याची थंडी पडली. पाणी गोठलं की फुगतं, हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. माझ्या उत्तरेच्या भिंतीत ते रोज फुगत होतं. आणि शनिवारी सांता स्पेशल, म्हणजे पोरांसाठी नाताळची खास गाडी! पोरं गाडीतून यायची, माझ्या आत त्याच भिंतीलगत खाऊसाठी रांगेत उभी राहायची. सांता झाला होता खुद्द गिरीश. पोरांना ऊब मिळावी म्हणून त्याने सकाळीच शेगडी पेटवली. आतल्या चुन्याचा बर्फाने केव्हाच भुगा केला होता; आता तो बर्फही वितळू लागला. माझ्या दगडांना धरून ठेवणारं आता काहीच उरलं नाही. मला भीती वाटली, मित्रांनो. स्वतःची नाही, पोरांची.

गिरीशची बायको अरुणा कागदी चांदण्या लावत होती. गेल्या शनिवारी तिने भिंतीवर या टोकापासून त्या टोकाला बांधलेली दोरी सैल लोंबत होती. आज ती ताठ ताणलेली होती. तिने दोरीला बोट लावलं, मग भिंतीला तळहात लावला, आणि तशीच गिरीशकडे गेली.

"गिरीश, भिंतीला पोट आलंय. मुलांना बाहेर काढ."

"अगं, बाहेर फ्रीझिंग आहे. आणि त्या फटींचं पॉइंटिंग मी स्वतः केलंय."

"म्हणूनच तुला सांगतेय."

त्याने ताणलेल्या दोरीकडे एकदा पाहिलं. मग घंटा वाजवत, हसत हसत, त्याने सगळी रांग प्लॅटफॉर्मवर नेली.

पोरांच्या हातात खाऊ पडत असतानाच माझी उत्तरेची भिंत कोसळली. धूळ बसल्यावर गिरीश दाढी हातात घेऊन आला. रांगेच्या जागी माझे दगड पडले होते. त्याने एक दगड उचलला, सिमेंटमागचं पाणी पाहिलं आणि तो रडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण आधी आम्ही कशाच्या बनलो आहोत ते बघा. आता वर्ष होत आलं. माझ्याभोवती कुंपण आहे. गिरीश दर शनिवारी छिन्नीने सिमेंट काढतो आणि चुना भरतो. पश्चिमेच्या भिंतीत तेवढं सिमेंट आणि पाणी अजून राहिलं आहे. आज आभाळ स्वच्छ आहे, गारठा वाढतो आहे, आणि शनिवार अजून लांब आहे.