येळवशीचे पाच दगड

द्वारकाबाईंना समुद्र बघायची हौस होती असं कुणी म्हणालं तर ती शुद्ध थाप. उमरग्याच्या हायवेलगतचं आपलं रान सोडून त्या तुळजापूरच्या पलीकडं कधी गेल्या नव्हत्या. त्या रानात सासऱ्यांनी मांडलेले पाच दगड होते. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, त्यांना चुना लावायचा, वर कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, पांडव म्हणून पुजायचं. रणधीरनं रान प्लॉटिंगला द्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी लेकाकडं एकच मागितलं, "एवढी येळवस होऊ दे. मग तुला काय करायचं ते कर."

रणधीर व्हय म्हणाला, आणि आठवड्यातच त्याला आईला फिरवायची उबळ आली. तीही ऐन येळवशीला, कर्नाटकात, मालप्याजवळच्या समुद्रातल्या बेटावर. पूजा म्हणे सून शिवकन्या करणार. लेकाचं प्रेम असं अचानक उतू जायला लागलं की शहाण्या बाईनं आधी चुलीखाली बघावं. द्वारकाबाई मात्र हरखल्या आणि नैवेद्याचे उंडे बांधून गाडीत बसल्या.

होडीतून उतरल्या नि बघतच राहिल्या. काळ्या खडकांचे सहा कडांचे खांब, एकाला एक लागून, थेट पाण्यापर्यंत. माणसाचा हात न लागता झालेले. त्यांनी हात जोडले. वाळूतले पाच दगड वेचून धुतले, ओळीनं मांडले, पुढं बाजरीचा उंडा ठेवला. रणधीर फोटो काढत होता.

"शिवकन्येला फोन लाव. रानातली पूजा दाव मला."

"हितं रेंज न्हाय, आई."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुनेचाच, व्हिडिओवर. द्वारकाबाईंनी तो त्याच्या हातून घेतला.

"अवो, झालं बगा समदं सपाट," शिवकन्या म्हणाली आणि मग तिला सासू दिसली. तिच्या मागं कोपीच्या जागी जेसीबी उभा होता.

"पांडव कुठं हायेत?"

"आत्याबाई, मी यांना म्हणलं होतं..." तिनं फोन ठेवला.

रणधीर वाळूकडं बघत म्हणाला, "तू असतीस तर आडवी पडली असतीस. अन् दगडंच की, आई. हितले ने पाच."

द्वारकाबाई रडल्या नाहीत. त्यांनी एकेक दगड उचलला आणि जिथनं घेतला होता तिथं नेऊन ठेवला.

"ह्यांची जागा हाय हितं. उपटून न्यायला मी काय तू हाय?"

होडीत चढताना त्यानं हात पुढं केला. त्यांनी होडीवाल्याचा धरला.