भोये मॅडमचं थांबणं

भोये मॅडम प्रश्न विचारून थांबत, तेव्हा वर्गातली शांतता हळूहळू दाणेदार होत जाई. आधी पंख्याची कुरकुर ऐकू येई, मग खिडकीबाहेर सागाच्या वाळक्या पानांवर आणखी एक पान पडल्याचा आवाज, मग दूर घाटात गिअर बदलणाऱ्या एसटीचा दमलेला सुस्कारा. आणि या सगळ्यांच्या खाली, खोल विहिरीत पाणी असावं तसं, कुणा मुलाच्या ओठांत जुळू पाहणारं एखादं वाक्य. खडू डाव्या तळहातावर ठेवून, पाखराचं अंडं जपावं तशी बोटं मिटून, मान किंचित उजवीकडे कलवून त्या उभ्या असत. त्यांना कुठे जायचं नसे, कुणाची गाडी चुकायची नसे. मी हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आजही आठवताना राग आधी येतो, दृश्य त्याच्या मागून येतं.

गप्प राहण्याची विद्या मीही शिकलो होतो, पण दुसऱ्या शाळेत. साखरशेतहून आई करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन जव्हारच्या बाजाराला येई आणि मी तिच्या लुगड्याचं टोक धरून मागे. ती सांगे, "गिऱ्हाइकानं भाव विचारला का सांगायचा, आन् मंग तोंड शिवायचं. जो पयला बोलंल तो पडंल." आमच्याकडे जमीन नव्हती, हे एवढंच वतन मला मिळालं, आणि त्याच्यावर मी वसतिगृहात जागा मिळवली, पदवी मिळवली, कॉलेजात नोकरी मिळवली. मागे पडलेल्या मुलांसाठी अभ्यास केंद्र काढायचं म्हणून प्राचार्यांकडून जी खोली घेतली, तीही त्यांच्या टेबलासमोर मुकाट बसून, त्यांना माझं तोंड पाहवेनासं होईपर्यंत. भोये मॅडमच्या घरी दोन पिढ्या खडू होता, आमच्या घरी कोयता. म्हणून त्यांना वर्गात तसं उभं पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाईसुद्धा सौदाच करते आहे; फक्त माझ्यापेक्षा मऊ हातानं.

मॅडम मोखाड्याच्या कॉलेजात, मी जव्हारच्या. डोंगरावरच्या आणि खाली समुद्राकडच्या कॉलेजांत अशी अभ्यास केंद्रं चालवणाऱ्या शिक्षकांचं एक मंडळ असावं, ही कल्पना माझी. घटना मी लिहिली. एसटीनं हिंडून सभासद मी जमवले. भोये मॅडमना तर मी जवळजवळ ओढूनच आणलं. "मला सभाबिभा जमत नाहीत हो सर," असं त्या तीनदा म्हणाल्या होत्या. आमच्यातले सर्वांत वडील देशमाने सर पहिले अध्यक्ष झाले, आणि ते उतरले की ती खुर्ची माझी, हे मी मनात कधीच पक्कं करून ठेवलं होतं. मागितली नव्हती, कारण भाव सांगून झाला होता आणि मी तोंड शिवून बसलो होतो.

आश्विनात मोखाड्याकडच्या उतारांवर खुरासणी, म्हणजे कारळा, फुलते. वाटेवर थांबून एक फूल हातात घेतलं तर त्यात काही नसतं, पिवळी आठ पाकळ्यांची साधी बाब. आणि समोरच्या खिंडीतून मागे वळून पाहिलं की अख्खा डोंगर उजळलेला दिसतो. मॅडमचं कर्तृत्व असं होतं. जवळून पाहणाऱ्या मला त्यात धरण्यासारखं काही सापडत नसे. भाषण नाही, ठराव नाही, कुणाशी वाद नाही. धुकट सकाळी राखाडी छत्री मिटून सभेला येत, दाराजवळची खुर्ची घेत, आणि एखादा नवा शिक्षक चाचरत बोलू लागला की मान तशीच कलती करत. बस्स, इतकंच. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की बोलणारा अध्यक्षांकडे पाहून सुरुवात करतो आणि दाराकडे पाहून संपवतो. सूर्य कुठे आहे हे न सांगताही रोपं वळतात तशा सगळ्यांच्या माना वळत, आणि मी, ज्यानं ती खुर्ची, तो हॉल, तो चहासुद्धा भांडून मिळवला होता, सावलीच्या बाजूला राही.

आमच्या मंडळात मतपेटी नाही. देशमाने सरांचा आग्रह होता, की शिकवणाऱ्यांच्या पुढाऱ्यानं शिकवून दाखवावं. ज्याला अध्यक्ष व्हायचं त्यानं यजमान कॉलेजच्या मुलांसमोर एक तास घ्यायचा, बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसायचं, आणि मग हात वर करायचे. सर उतरायचे ठरले तेव्हा माझं नाव होतंच. दुसरं नाव कुणीतरी भोये मॅडमचं घातलं. यजमान आम्ही. मुलं कुणाला कुठली द्यायची, हे ठरवणारा मी.

मी ती आंब्यांसारखी निवडली. चुणचुणीत, पटापट बोलणारी माझ्या तासाला ठेवली आणि त्यांच्याकडून पंधरा दिवस घोटून घेतलं. जी मुलं केंद्रात येऊन भिंतीला टेकत, दोन-दोन वर्षांत ज्यांचा आवाज मी ऐकला नव्हता, ती सगळी मॅडमच्या वाट्याला घातली. यात मला अन्याय वाटला नाही. बाजारात पाटीच्या वर चांगली करवंदं कोण ठेवत नाही?

विषय दोघांना एकच होता, सरासरी. माझ्या तासाला उत्तरं लाह्यांसारखी फुटली. मी प्रश्न पुरा करायच्या आत हात वर येत होते, फळ्यावर आकडे झरझर उमटत होते, आणि मी मागच्या बाकांकडे पाहत होतो. तिथे सगळे हसत होते. ते हसणं सौजन्याचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ज्यांचा जन्मच अडलेल्या मुलांसोबत गेला, त्यांना न अडलेल्या मुलांत काय दिसणार?

मग मॅडम आल्या. पदर कमरेला खोचला, मुलांची नावं विचारली आणि म्हणाल्या, "यंदा तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला, असं पेपरात आलंय. मग पोशेऱ्यात रोपं का वाळली?"

आणि थांबल्या.

हिवाळ्यातल्या दुपारचं ऊन तेव्हा खिडकीतून तिरपं येत होतं आणि त्यात खडूची धूळ इतकी सावकाश उतरत होती, की तिलाही प्रश्न पडला असावा. मी मनात सेकंद मोजत होतो. कुणीतरी खोकलं. एका प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं आणि मला बरं वाटलं. मॅडम हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर वाट पाहण्याचा ताणसुद्धा नव्हता. आपल्या घरचं माणूस रस्त्याला लागलंय आणि ते येणारच आहे, असा तो चेहरा होता.

मग पोशेऱ्याची जयवंती बोलली. भिंतीलगत बसणारी, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी मुलगी. ती मॅडमकडे न पाहता आपल्या नखांकडे पाहत म्हणाली, "मॅडम, पानी आख्खा आठ दिसांत पडला. मंग म्हयनाभर काय नाय. कागदावं त्यो वाटून दिला… शेतात कोन वाटून देल?"

कुणी हसलं नाही. मॅडमनी "बरोबर" असंही म्हटलं नाही. त्यांनी फक्त वळून जयवंतीचं ते वाक्य, तिच्याच बोलीत, एक अक्षर न सुधारता फळ्यावर लिहिलं. माझे आकडे पुसून मोकळ्या झालेल्या जागेत. मग विचारलं, "असं आणखी कुठे होतं?" आणि पुन्हा थांबल्या. या वेळी फार थांबावं लागलं नाही. वर्ग संपेपर्यंत भिंतीला टेकलेली एकही पाठ भिंतीला उरली नव्हती. देशमाने सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

हात वर झाले तेव्हा माझ्याच कॉलेजातल्या दोघांचे हात त्यांच्यासाठी होते.

चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. "सर, मुलं फार छान निवडून दिलीत मला."

तो टोला होता की आभार, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. दोन्ही अर्थ मी कितीतरी दुपारी उलटून पालटून पाहिले आहेत. त्या वेळी मात्र डोकं तापलं आणि मी म्हणालो, "निवडायला शिकलोय मॅडम. बापाच्या कपाटात आयतं मिळालं नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "चहा गार होतोय, सर."

त्यानंतर मी एक वेडेपणा केला. आठवड्याभरानं माझ्या वर्गात दार लावून घेतलं, प्रश्न विचारला, खडू डाव्या तळहातावर ठेवला आणि थांबलो. शांतता आली, पण ती दाणेदार झाली नाही. दगडासारखी घट्ट होत गेली. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. अखेर पहिल्या बाकावरून घाबरा आवाज आला, "सर, आमचं काय चुकलं का?" माझ्या गप्प बसण्यात भाव होता. मुलांनाही तो ऐकू येत होता. मॅडमच्या गप्प बसण्यात काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी प्रमाणपत्रांचे समारंभ बंद केले आणि एकच रीत सुरू केली: सभासदांनी एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. सल्ला द्यायचा नाही. काय दिसलं तेवढंच बोलायचं. लोक बदलू लागले. समुद्राकडच्या एका कॉलेजातला, कायम पाठ फिरवून फळ्याशी बोलणारा शिक्षक मुलांकडे तोंड करून शिकवू लागला. डोंगरावर मोहाची फुलं टपटपत पडतात, पडताना कुणी पाहत नाही आणि पहाटे जमीन भरलेली असते, तसं ते घडत गेलं. मला प्रत्येक फूल दिसत होतं आणि प्रत्येक माझ्या छातीवर पडत होतं.

एका पावसाळ्यात त्या माझ्या वर्गाच्या दारात आल्या. छत्रीतून पाणी निथळत होतं.

"सर, बसू का मागं?"

"अध्यक्ष आहात. हुकूम काढा."

"हुकमानं आले तर मला काय दिसणार?"

मी सौदा मांडला. राज्याच्या परिषदेत माझा निबंध वाचला जाऊ दे, मग बसा. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या परिषदेत माझा निबंध पहिल्या सत्रात होता. त्यांनी तो लावून घेतला होता आणि त्याबद्दल मला चकार शब्द सांगितला नव्हता. परत आल्यावर त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या, आणि मी, बाजारात वाढलेला मी, भाव वाढवला. म्हणालो, परीक्षा जवळ आल्यात, आता नको; पुढच्या वर्षी उपाध्यक्षपद द्या, मग बघू.

त्यांनी मान कलती केली. मला वाटलं आता त्या थांबणार, आणि माझ्याही आत काही जुळून येईल, नखांकडे पाहत का होईना मी काही बोलेन. पण वर्गातल्या मुलांसाठी जे होतं ते दारातल्या माणसासाठी त्यांनी खर्च केलं नाही. किंवा केलं असेल. मीच आधी दार लोटलं.

गेल्या उन्हाळ्यात त्या नाशिकला मोठ्या प्रशिक्षण संस्थेत गेल्या. मोखाड्याच्या कॉलेजातल्या निरोपाच्या सभेला मी मुद्दाम उशिरा पोचलो, म्हणजे त्यांच्याबद्दलची भाषणं ऐकावी लागू नयेत. त्या निघाल्या होत्या. जयवंती, जी आता त्याच कॉलेजात मुलांना शिकवायला मदत करते, फाटकाशी उभी होती. "मॅडम तुमची वाट बघत व्हत्या, सर," ती म्हणाली. आता ती न विचारता बोलते.

अध्यक्षपदासाठी यंदा माझं एकट्याचंच नाव होतं. तास घेतला, हात वर झाले, सगळे. समोर गिऱ्हाईक नसताना जिंकलेला सौदा घरी नेताना पाटी किती हलकी लागते, हे आईनं मला शिकवलं नव्हतं. मॅडमच्या रितीप्रमाणे नव्या अध्यक्षाचा वर्ग सर्वांत आधी पाहतात. माझ्या वर्गाचं दार आता उघडं असतं. मागच्या बाकांवर सभासद बसतात, वह्या काढतात, काय दिसलं ते प्रामाणिकपणे सांगतात, आणि मी ऐकून घेतो. पण या सगळ्या डोळ्यांना माझं काय दिसतं, याची मला फारशी उत्सुकता नाही. ज्या एका जोडीला दिसावं म्हणून इतकी वर्षं मी रागानं शिकवत आलो, तिला मी दोनदा दारातून परतवलं.

माणूस समोर असतं तोवर मत्सराला राहायला त्याचा चेहरा असतो. ते गेलं की काळ मत्सराला बेघर करतो, आणि मग तो आठवणीच्या घरी येऊन राहतो. माझ्याकडे आता ती दोघं एकाच ताटात जेवतात, आणि कुठला घास कुणाचा, हे मला सांगता येत नाही.