विश्वासू वाटसरू

चष्मेवाल्याला बायकोचं ऐकायला वीस वर्षं लागली होती. फोनमधल्या बाईचं तो एका दुपारीच ऐकू लागला. ती डावीकडे म्हणाली की हा डावीकडे, मग समोर भिंत का असेना. या गुणाबद्दल रस्ता दाखवणाऱ्या त्या अ‍ॅपने त्याला ‘विश्वासू वाटसरू’ असा सोनेरी बिल्ला दिला होता. दुकानात डोळे तपासता तपासता तो गिऱ्हाइकांनाही दाखवायचा. मेव्हण्याच्या गळ्यात ते अ‍ॅप त्यानेच मारलं होतं, आणि परवाच मेव्हण्यालाही बिल्ला मिळाला होता.

आज सासऱ्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. पुढे चष्मेवाला आणि बायको. सामानासाठी घेतलेली मेव्हण्याची गाडी पेट्रोल भरायला थांबून जरा मागे पडलेली. सकाळचं धुकं असं, की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसेना.

नदीजवळच्या फाट्यावर फोन म्हणाला, “उजवीकडे वळा. नवा पूल.”

बायकोने सहज आपला फोन काढला. तेच अ‍ॅप, तोच दवाखाना. पण तिला सरळ जुन्या पुलावरून जायला सांगत होतं.

“अहो, तुम्हालाच का वेगळं सांगतंय?”

त्याने गाडी बाजूला घेतली. नवा पूल जवळचा पडत असेल, म्हणाला. मग मला का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. तिच्याकडे बिल्ला नव्हता, ती जन्मात कुणाचं ऐकत नसे, एवढाच काय तो फरक. त्याने नकाशातल्या नव्या पुलावर बोट दाबलं. बारीक अक्षरं उमटली. लोकांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावणाऱ्या माणसाने ती चष्मा कपाळावर चढवून वाचली: ‘पूल पूर्ण झाला आहे की नाही, माहिती नाही. विश्वासू वाटसरू पाठवून खात्री करत आहोत.’

“सरळ घ्या,” बायको हळूच म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने फोनचा शब्द मोडला आणि गाडी सरळ जुन्या पुलाकडे काढली. फोन रागावला नाही.

“हरकत नाही,” तो म्हणाला. “मागून दुसरे येत आहेत.”

आरशात दोन पिवळे दिवे धुक्यातून पुढे आले, फाट्यावर क्षणभर थबकले आणि शहाण्या मुलासारखे उजवीकडे वळले.

चष्मेवाला हॉर्नवर हात ठेवून गाडी मागे घेऊ लागला. बायकोने भावाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. गाडी चालवताना मेव्हणा फोन उचलत नसे. तसं अ‍ॅपनेच त्याला बजावलं होतं.

फाट्यावर पोचेपर्यंत नकाशातली नव्या पुलाची निळी रेघ करडी झाली होती. खाली लिहून आलं: ‘रस्ता बंद. माहितीबद्दल आभार.’

रिंग अजून वाजत होती.