अंगठा झिजला आहे

“‘बोगस’ हा शब्द कुणी टाकलाय यात?” प्रज्ञाने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

अमृत सरांनी चहाचा कप खाली ठेवला. नगरमधली ती छोटी सॉफ्टवेअर कंपनी त्यांची, प्रज्ञा तिथे प्रोग्रामर. जामखेडच्या एका ट्रस्टच्या मोफत दवाखान्यासाठी त्यांनीच प्रोग्राम करून दिला होता. अंगठा लावायचा, औषध घ्यायचं.

आदल्या दिवशी प्रज्ञाची आई, भागिरथीबाई, तिथे बीपीच्या गोळ्या आणायला गेली होती. मशीनने अंगठा घेतला नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: ‘बोगस व्यक्ती’. कंपाउंडरने ती भर रांगेत मोठ्याने वाचली.

“पोरी, मी बोगस हाय व्हय गं?” आई फोनवर म्हणाली होती. “सगळ्यांम्होरं म्हनला. आता न्हाई जायची मी तिथं. गोळ्या नगंत मला.”

प्रज्ञाने कोड उघडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेट गेलं, मशीन बिघडलं, अंगठा जुळला नाही, काहीही झालं तरी सगळं एकाच जाळ्यात पकडलेलं आणि उत्तर एकच. बोगस.

“प्रत्येक अडचणीचा वेगळा एक्सेप्शन क्लास हवा, सर. जी अडचण, तिचाच संदेश स्क्रीनवर दिसला पाहिजे.”

“एवढे क्लास कशाला? ट्रस्टला सोपं पाहिजे होतं.”

“सोपं? माझ्या आईनं जन्मभर ऊस तोडलाय. कोयता धरून धरून बोटांच्या रेषा गेल्या तिच्या. तिला खोटी ठरवायला तुमची एक ओळ पुरली!”

सरांनी चहाचा कप बाजूला सारला.

“कर,” सर कुरकुरले. “ट्रस्टनं बोंब मारली तर तू निस्तरायचं.”

तिने कीबोर्ड बडवायला घेतला. आधी एक मूळ क्लास, मग त्यातून निघालेले तीन: नेट गेलं त्याचा, मशीन बिघडलं त्याचा आणि तिसरा आईचा. नावं इंग्रजीत द्यायची पद्धत होती. तिसऱ्याचं नाव तिने रागारागाने देवनागरीत लिहिलं: अंगठाझिजला. पुढे काय करायचं तेही त्यातच घातलं.

पुढच्या आठवड्यात तिने आईला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. आईने अंगठा टेकवला. कंपाउंडरने स्क्रीन पाहिली आणि गुपचूप गोळ्या पुढे सरकवल्या.

“मोठ्यानं वाचा,” प्रज्ञा म्हणाली. “त्या दिवशी वाचलं होतं तसं.”

त्याने मान खाली घालून वाचलं, “अंगठा झिजला आहे. ओळखपत्र पाहून औषध द्यावे.”

भागिरथीबाईंनी गोळ्या उचलल्या नाहीत. आधी त्या रांगेकडे वळल्या आणि अंगठा वर धरून सगळ्यांना दाखवला.