बासष्ट आकृत्या

वेंडेलीन स्टेयस्कल यांनी बाणाची कळ दाबली आणि संगणक म्हणाला, "आकृती." पुन्हा दाबली. "आकृती." तिसऱ्यांदाही तेच.

"वा!" म्हातारा म्हणाला. "पाठांतर मात्र चोख आहे हो याचं."

शेजारी बसलेल्या द्राहोमिराचे कान तापले. ओलोमोउत्स शहरातल्या त्या छोट्या प्रकाशनात ती एकोणीस वर्षं पुस्तकांची पानं जुळवत होती, आणि भूमितीच्या या पुस्तकाची पीडीएफ तिनं जीव ओतून केली होती. मथळ्याला मथळ्याची खूण, तक्त्याला तक्त्याची, प्रत्येक सूत्र संगणकाला बोलून दाखवता येईल असं. तपासणीच्या प्रोग्रामनं सगळीकडे 'बरोबर'च्या हिरव्या खुणा दिल्या होत्या. प्रत्येक आकृतीमागे अंध वाचकांसाठी, संगणकानं वाचून दाखवायचं वर्णन हवं, असा नियम होता. तिनं बासष्टच्या बासष्ट आकृत्यांना ते एका फटक्यात चिकटवून टाकलं होतं. वर्णन काय, तर "आकृती"!

"वर्णन आहे की नाही, एवढंच प्रोग्राम तपासतो," ती पुटपुटली. "काय लिहिलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही."

"मला आहे ना, बाई."

पुस्तक त्यांचंच होतं. चार आवृत्त्या खपल्या आणि सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. पाचवी काढायचं ठरलं तेव्हा मुलगी म्हणाली, मी वाचून दाखवते, तुम्ही फक्त सही करा. त्यांनी साफ नकार दिला. माझं पुस्तक मी स्वतः शेवटापर्यंत वाचीन, मगच सही. फाइल शुक्रवारी छापखान्यात जायची होती आणि आज मंगळवार उजाडला होता.

"तुम्ही सांगा प्रोफेसर, मी भराभर टाइप करते."

"मला सगळ्या पाठ आहेत. माझंच मला ऐकवलंत तर मी वाचलं काय? तुम्ही लिहा."

"मी? मला भूमितीतलं ओ की ठो कळत नाही!"

"मग तर फारच छान. दिसेल तेच लिहाल."

बुधवारभर ती मनातल्या मनात म्हाताऱ्याला शिव्या घालत लिहीत राहिली. दुपारनंतर शिव्या थांबल्या. कोणती रेषा आधी सांगावी, कोणता कोन मागे ठेवावा, या नादात तिचा कॉफीचा कप गार होऊन गेला.

गुरुवारी सकाळी प्रोफेसर खसखस भरलेले कोलाच, म्हणजे गोड पाव, घेऊन हजर. संगणक वाचू लागला. "एक वर्तुळ. आत त्रिकोण, तिन्ही टोकं वर्तुळाला टेकलेली." त्यांचं बोट टेबलावर फिरत होतं. "एक चौकोन, वाऱ्यानं कललेल्या पतंगासारखा."

"पतंग? अहो, तो समांतरभुज चौकोन! त्याची काही अब्रू आहे की नाही?"

"बदलते."

"बदला. पण काय सुंदर उडत होता!"

अडतिसाव्या आकृतीला बोट थांबलं.

"परत लावा."

"वर्तुळाच्या बाहेर, डावीकडे, बिंदू प. त्यातून निघालेल्या दोन रेषा वर्तुळाला छेदून जातात."

"बाहेर? वर मी लिहिलंय, वर्तुळाच्या आत बिंदू प घ्या."

"माझंच चुकलं असेल." द्राहोमिरानं पडद्याला जवळजवळ नाक टेकवलं. मग हळूच म्हणाली, "नाही हो. बाहेरच आहे. चांगला बोटभर बाहेर."

प्रोफेसरांचं बोट टेबलावर पुन्हा वर्तुळ काढू लागलं. आता हे सगळं पुस्तक पुन्हा तपासायला घेणार आणि शुक्रवार बुडणार, असं तिला वाटलं. तेवढ्यात त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की कोलाच उडाले.

"एकतीस वर्षं! चार आवृत्त्या! अख्ख्या देशातली पोरं, त्यांचे मास्तर, आणि डोळे शाबूत असलेला मी!" हसता हसता त्यांना ठसका लागला. "गणित आत-बाहेर दोन्हीकडे जुळतं ना, म्हणून हा लबाड निसटला!"

तिलाही हसू आवरेना. डोळे पुसत तिनं बिंदू आत आणला, रेषा फिरवल्या, वर्णन बदललं. पुढच्या चोवीस आकृत्या आणि शेवटचं उत्तरांचं पानही ऐकून झालं, तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. प्रोफेसरांचा चेहरा उजळला होता.

तिनं सहीच्या ओळीखाली पट्टी धरून दिली. त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं.

"एक अट आहे."

"आता आणखी काय?"

"तुमची वर्णनं कागदी पुस्तकातही छापायची. प्रत्येक आकृतीखाली, ठळक."

"अहो, पानंच्या पानं सरकतील! आणि कागदी पुस्तक तर डोळस मुलं वाचतात."

"त्यांच्यासाठीच म्हणतोय," सही करत प्रोफेसर म्हणाले. "बिचाऱ्यांना दिसत नाही."