चंचलचा आवाज

"हे पाच स्पीकरचं खोकं कायले घेता ताई?" प्रशांतने ते चंचलच्या हातातून काढून परत फळीवर ठेवलं. "तुमच्या साउंड कार्डातून दोनच चॅनल निघतात. बाकीचे तीन नुसते भिंतीले टांगून ठेवाल."

उधना दरवाज्याजवळ प्रशांतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. माणूस मूळचा अकोल्याचा, सरळ. चंचलचा जुना कॉम्प्युटर आणि काडेपेटीएवढं साउंड कार्ड तिने त्याच्याकडूनच घेतलं होतं. आता स्पीकर तेवढे राहिले होते. स्वस्तातले हवेत, पण बोलणं स्वच्छ ऐकू आलं पाहिजे, असं तिने बजावून सांगितलं. गाणी तिला ऐकायची नव्हती, स्वतःचा आवाज तपासायचा होता.

दोन वर्षांपासून चंचल रिंग रोडच्या कापड मार्केटमधल्या एका गुजराती शेठच्या साड्यांना आवाज देत होती. आधी ती तिथे साड्यांच्या घड्या घालायची. खानदेशातून आलेल्या गिऱ्हाइकांशी ती बोलत असताना शेठने ऐकलं आणि तिला मोबाइलवरच्या व्हिडिओंसाठी माइकसमोर बसवलं. तिचे उच्चार स्वच्छ होते, त्याला कारण तिचे वडील, हिलाल. तीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. लिंबायत वस्तीतल्या घरच्या दोन खोल्यांत त्यांच्याशी बोलायचं, तर एकेक अक्षर सुटं आणि ठळक बोलावं लागे. ती लहानपणापासून तशीच बोलत आली. आता घरी बसून दोन-चार दुसऱ्या व्यापाऱ्यांचीही कामं घ्यावीत, असं तिच्या मनात होतं.

प्रशांतने दोन जोड समोर मांडले. एक खाली जाड आवाजाचा डबा असलेला आणि दुसरा दोन साध्या लाकडी खोक्यांचा. त्याने गाणं लावलं तेव्हा तिने बोलणं लावायला सांगितलं. बायकोने पाठवलेला साड्यांचा एक व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर होता. त्याने तो डब्याच्या जोडावर लावला.

"ताई, होळीला माहेरी जाताय ना? मग ही बांधणी बघाच."

चंचल हसली. प्रशांतने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि हा तर तुमचाच आवाज, असं म्हणाला. तिने मान डोलावली. पण हे वाक्य आपण कधी बोललो, ते तिला आठवेना. होळीचं काम शेठने या वेळी दिलंच नव्हतं. विचारलं तर मंदी आहे म्हणाला होता.

मग प्रशांतने तार काढून साध्या जोडाला लावली. "हा बघा. त्या डब्यात सगळं भारदस्त वाटते, चूक झाकून जाते. ह्याच्यात जे हाय ते ऐकू येईल तुमाले."

तोच व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. चंचलच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. 'ताई' म्हणण्याआधी ती नेहमी किंचित श्वास घ्यायची. रेकॉर्डिंगमध्ये तो श्वास येतो, म्हणून शेठचा माणूस सुरुवातीला कुरकुरायचा. इथे श्वास नव्हता. त्या 'ताई'आधी नव्हता आणि नंतरच्या अख्ख्या मिनिटात कुठेच नव्हता. तिने व्हिडिओ चार वेळा लावायला सांगितला. प्रशांतला वाटलं, बाई फारच चोखंदळ आहे.

महिन्याभरापूर्वी शेठने तिच्याकडून तीन दिवस नुसती पानं वाचून घेतली होती. आगापिछा नसलेली वाक्यं, आकडे, गावांची नावं. स्टॉक करून ठेवतो, असं तो म्हणाला होता. ती पानं मशीनला तिचा आवाज शिकवण्यासाठी होती, हे तिला त्या दुकानाच्या काउंटरपाशी उभं असताना कळलं.

तिने साधा जोडच घेतला आणि पिशवी हातात तशीच घेऊन तडक मार्केट गाठलं. शेठने नाकारलं काहीच नाही. उलट चहा मागवला.

"बेन, अवाज तो तमारो ज छे ने?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला.

"माझा आहे, म्हणूनच विचारते. मी बोलले कधी?"

शेठने चहा पुढे सरकवला. वाचनाचा मोबदला तिला मिळाला होता, आता सगळेच असं करतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय, असं तो बराच वेळ सांगत राहिला. शेवटी म्हणाला, मशीन कधी चुकतं, ते ऐकून सांगायला माणूस लागतो. ते काम तुम्ही करा. चंचलच्या ओठांवर नकार आला होता. पण कान गेल्यावर वडिलांना कुणी लूमवर घेत नव्हतं आणि घर तिच्यावर होतं. तिने हो म्हटलं.

पुढचा महिनाभर ती रोज सकाळी त्या दोन खोक्यांसमोर बसून स्वतःच्या चुका शोधत राहिली. हिलाल शेजारी बसत. त्यांना शब्द कळत नसत, पण लेकीचा आवाज आहे एवढं कळे.

"हाऊ तुना आवाज शे," ते म्हणत आणि खूश होत. ती त्यांच्यासाठी आवाज थोडा वाढवून देई.

मशीन बाकी सगळं शिकलं, पण त्याला 'ळ' काही येईना. निळी साडी निली व्हायची, जांभळी जांभली, पिवळी पिवली. शेठने 'ळ' असलेले पन्नास शब्द लिहून पाठवले आणि तेवढे एकदा बोलून द्या, असा निरोप दिला. चंचलने माइक जोडला, यादी समोर धरली. पहिला शब्द 'काळी' होता. हाही आता मशीनला जाणार, असं तिच्या मनात आलं आणि तिने माइकची तार काढून टाकली.

माइक बिघडलाय, असं तिने शेठला कळवलं. त्याने दोनदा आठवण करून दिली. मग लोकांना कपडा दिसतो, अक्षर कोण बघतं, असं म्हणून सोडून दिलं. त्यानंतर तपासायचं कामही येईनासं झालं. दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे ती गेली, तर तुमचा आवाज त्या दुकानाचा म्हणून ओळखला जातो, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. ती पुन्हा घड्या घालायला जाऊ लागली, दुसऱ्या एका मार्केटमध्ये.

एका रविवारी भाजीच्या गाडीपाशी शेजारच्या सरलाबाई भेटल्या. चंचलचे सगळे व्हिडिओ त्या मोबाइलवर आवडीने बघायच्या. त्यांनी तिला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं,

"तुनी जीभले काय व्हयनं वं? व्हिडिओमा तू बोबडं बोलस."

दाढ काढलीय, असं चंचलने सांगितलं.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, सरलाबाई मायेने म्हणाल्या. चंचलने मान हलवली आणि ती वांगी निवडू लागली.